तो दगड माझा होता

सकाळच्या एसटीनं पेपर येतो आणि मी आधी जिल्ह्याचं पान उघडते. पहिल्या पानावर दिल्ली-मुंबईची मोठी माणसं भांडत असतात, त्यांना माझ्या मताची गरज नाही. जिल्ह्याच्या पानावर मात्र ओळखीची गावं असतात, ओळखीची आडनावं असतात, आणि त्यांच्याबद्दल चुकीचं छापलं तर मला बसल्या जागी कळतं. निदान तसा माझा समज होता. त्या समजाचं काय झालं त्याची ही हकिगत आहे. ती मी मान खाली घालून सांगणार नाही. मान खाली घालायची होती तेव्हा घातली.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, कलेक्टर दोन झाले, पाट्या बदलल्या, पण पेपरचं पान एकच राहिलं. वर दोन्ही जिल्ह्यांची नावं आणि खाली सगळीकडे एकच इसम, अज्ञात. अज्ञात चोरट्यांनी मोटारपंप पळवला. अज्ञात वाहनानं धडक दिली. अज्ञात कारणावरून हाणामारी झाली. मी म्हणायची, एवढे अज्ञात लोक आपल्या जिल्ह्यात राहतात तरी कुठे? मोटारपंप कोणी नेला हे पानठेल्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त पेपरला आणि पोलिसांना.

हा राग माहेरचा. माझं माहेर आंधळगावचं, विणकराचं घर. बाबा मागावर बसायचे आणि मी उंबऱ्यात बसून त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. माग चालू असताना त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून मी ओरडून वाचायची. माझा आवाज मोठा आहे तो तेव्हापासूनचा. आमच्या घरी एक रीत होती. ज्याच्या हातून धागा तुटला त्यानंच तो सांधायचा, मग जेवण ताटात का वाढलेलं असेना. आणि व्यापारी कापड न्यायला आला की बाबा घडी उलगडून आधी चुकलेली जागा दाखवायचे. ‘इथं माझ्या हातून चूक झाली,’ असं तोंडानं सांगायचे. मला लहानपणी त्याची फार लाज वाटायची. व्यापारी तर बघणारच आहे, मग आपण कशाला दाखवायचं? बाबा म्हणायचे, ‘त्याले दिसली तर ते चूक आहे. म्या दाखवली तर ते माझी चूक आहे.’

लग्न होऊन मी लाखनीजवळच्या या धानाच्या गावात आले आणि जिल्हा फुटला त्या वर्षी पेपरला पहिलं पत्र लिहिलं. विषय तोच, मोटारपंप. खाली माझं नाव लिहिलं होतं. सासरे तेव्हा होते. ते म्हणाले, ‘सुनेचं नाव पेपरात? कायले? मेल्यावर येईलच.’ मग मी नाव खोडून ‘एक जागरूक वाचक’ असं लिहिलं. पत्र छापून आलं. सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘कोण हाये हा, बराबर लिवलं त्यानं.’ पुढे सासरे गेले, पण टोपणनाव राहिलं. वर्षाकाठी सात-आठ पत्रं मी लिहायची. कोणी दारू पिऊन बायकोला मारलं, कोणी तलावाची पाळ फोडून मासे पळवले, कोणी शाळेच्या पोषण आहारातले तांदूळ विकले, की मी पेन काढायची. प्रत्येक पत्राचा शेवट एकच असायचा. सरकारला नावं ठेवू नका, ज्याची चूक त्यानं उभं राहून सांगावं. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, ‘तूच आपलं नाव लपवतेस, मंग दुसऱ्याले कशी उभं राहाले सांगतेस?’ मी त्याला म्हटलं, भाजीला मीठ बरोबर आहे का ते सांगा.

आता धानाबद्दल सांगते.

कापणी झाली, मळणीयंत्रातून धान निघालं, की ते लगेच खरेदी केंद्रावर नेता येत नाही. तिथला माणूस यंत्रात मूठभर दाणे टाकतो आणि म्हणतो, ओला आहे, परत न्या. मग वाळवायचं कुठे? आंगण पुरत नाही. डांबरी रस्ता तापतो, त्यावर दोन दिवसांत धान खडखडीत होतं. म्हणून दिवाळीनंतर महिनाभर आमच्या गावचा अर्धा रस्ता धानाचा आणि अर्धा गाड्यांचा. धानावरून चाक जाऊ नये म्हणून कडेनं दगड मांडायचे. संध्याकाळी धान ओढून ढीग करायचा, ताडपत्री टाकायची आणि घरी यायचं. दगड मात्र उचलायचे नाहीत. ते उचलायचे नाहीत याचं कारण बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. दगड म्हणजे जागेवरचा हक्क. जिथं ज्याचे दगड, ती जागा हंगाम संपेपर्यंत त्या घरची. बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ एकमेकांचा दगड हलवत नाहीत. संध्याकाळी दगड उचलले तर सकाळी तिथं दुसऱ्याचं धान पसरलेलं दिसेल, आणि तुम्ही भांडायला गेलात तर सगळं गाव म्हणेल, दगड होते का तुमचे?

मी जागरूक वाचक, म्हणून माझे दगडही जागरूक. रात्री गाडीवाल्यांना दिसावेत म्हणून मी त्यांना चुना फासायची, आणि चुना झळकावा म्हणून त्यात थोडी नीळ टाकायची, आई भिंतींच्या चुन्यात टाकायची तशी. गावात दुसरं कोणी दगड रंगवत नाही. वळणाच्या टोकाला, सगळ्यात पुढे, फुटक्या जात्याचा अर्धा भाग ठेवलेला होता. तो चांगला जड होता. माझ्या दगडांचा मला अभिमान होता, हे इथं लिहायलाच हवं.

त्या वर्षी एका सकाळी जात्याचा तो तुकडा मला रस्त्याच्या कडेच्या नालीत सापडला. नवरा म्हणाला, ‘ट्रकवाल्यानं उडवला असंल.’ मी ट्रकवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोघांनी मिळून तो तुकडा परत जागेवर आणला. त्याचा चुना खरवडला होता. मी घरून डबा आणला आणि त्याच जागी नवा चुना लावला. माझ्याच हातानं लावला.

त्याच दिवशी गावात कळलं की व्हॅनवाला आदल्या संध्याकाळी पडला. गावातली चौदा-पंधरा लेकरं लाखनीच्या शाळेत नेणारा आमचा व्हॅनवाला. व्हॅन शाळेच्या आवारात उभी करून तो मोटारसायकलनं घरी यायचा. पानठेल्यावरच्या दोघांनी त्याला अंधार पडता पडता पुलियाजवळ, नाल्यावरच्या लहान पुलापाशी, झोकांड्या खात येताना पाहिलं होतं, मग तो तिथंच कोसळला. त्याला लाखनीला नेलं, तिथून भंडाऱ्याला. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, डोक्याला टाके पडले होते. पुलिया आमच्या वळणापासून बरीच पुढे आहे. माझ्या मनात काहीही आलं नाही. माझ्या नातीला तो रोज शाळेत नेत होता, म्हणून मी फक्त एवढंच विचारलं की व्हॅन उद्या येणार का.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. ‘मद्यधुंद व्हॅनचालक दुचाकीवरून पडून जखमी.’ खाली विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आणलेला होता आणि शेवटी एक वाक्य होतं, की चालकाने मद्यप्राशन केल्याचे समजते.

समजते. कोणाला समजते, कसं समजते? दुसऱ्या कोणाची बातमी असती तर मी हेच विचारलं असतं. त्या दिवशी मी विचारलं नाही, कारण माझी नात त्याच्या गाडीत बसत होती आणि माझं डोकं फिरलं होतं. नातीला त्याच्या व्हॅनमध्ये बसवणार नाही असं गावात पहिल्यांदा मी सांगितलं. आणि दुपारी जेवण बाजूला सारून पत्र लिहिलं. ज्याच्या हाती आपण आपली लेकरं देतो त्यानं आपल्या व्यसनाची जबाबदारी घ्यावी, चूक कबूल करावी आणि चाकावरून हात काढावा, असं ते पत्र होतं. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पत्र होतं. पेपरनं ते चौकटीत छापलं.

चौकटीतलं पत्र पानठेल्यावर वाचलं गेलं, मग प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरलं. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आईबापांची बैठक झाली तिथं एकानं ते मोठ्यानं वाचलं. मी बायकांमध्ये बसून ऐकत होते. माझंच आहे असं सांगितलं नाही, पण आत गुदगुल्या होत होत्या. बैठकीत ठरलं की शेजारच्या गावची व्हॅन लावायची. मी हात वर केला.

त्यानंतर आठ दिवसांनी फवारणीचा पंप दुरुस्त करायला मी लाखनीला गेले. हायवेला लागून मेकॅनिकचं दुकान आहे. तिथं व्हॅनवाल्याची मोटारसायकल उभी होती, त्याच रात्री अंधारात रस्त्यावरून उचलून टेम्पोतून आणलेली. पुढचं चाक आत दबलेलं. मी सहज वाकून बघितलं. रिमच्या खोबणीत आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला चुना लागला होता. नुसता पांढरा नाही, निळसर.

मेकॅनिक म्हणाला, ‘काकू, लोकं काही म्हणोत, पिऊन पडलेली गाडी आडवी घसरते. हे तं समोरून दगडावर चढली हाये.’

पंप तिथंच विसरून मी बसस्टँडवर येऊन बसले. तीन गाड्या सोडल्या. त्या संध्याकाळी काय झालं असेल ते मला आता स्पष्ट दिसत होतं. जात्याच्या तुकड्यावर चाक चढलं, तो फेकला गेला, डोकं आपटलं, उठला, गावाच्या दिव्यांकडे चालत निघाला आणि झोकांड्या खात पुलियापर्यंत पोचला. त्या झोकांड्या दोघांनी पाहिल्या, त्यांनी बातमीदाराला सांगितलं, बातमीदारानं पेपरला, पेपरनं मला, आणि मी सगळ्या जिल्ह्याला. दगड माझा होता. आणि वर त्याला उपदेशही माझाच होता.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.’

मी म्हटलं, ‘टोमणे मारू नका, काय करायचं ते बोला.’

‘काही कराचं नाही. रस्त्यावर पन्नास घरचे दगडं हायेत. कोणाले सांगू नको. त्याचं हाड जुळून जाईल.’

‘आणि नाव?’

यावर तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनवाल्याच्या घरी गेले.

तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, खांद्याला पट्टा बांधलेला. त्याची बायको खाली सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत होती. तिनं मला बसायला पाट दिला, चहा ठेवला. मी आजाऱ्याला भेटायला आले असं त्यांना वाटलं. तो म्हणाला, ‘काकू, त्या दिवशी समोरून ट्रक आला, त्याचा लाइट डोळ्यावर. म्या गाडी कडेले घेतली, मंग काय झालं मले माहीत नाही. दारूचं म्हणान तं लेकराची आण, म्या आजवर थेंब नाही घेतला.’

बायको पान कापता कापता म्हणाली, ‘पेपरवाल्याचं सोडा. पण तो जागरूक वाचक कोण हाये, मले एक डाव पाहाचा हाये त्याले.’

मी म्हटलं, ‘मी आहे.’

तिचे हात थांबले. तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं की पत्र मी लिहिलं, आणि ज्या दगडावर गाडी चढली तो दगडही माझाच होता. चुन्याचं आणि निळीचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. तिनं कात्री सुपात ठेवली आणि शांतपणे म्हणाली, ‘दगडही तुमचा अन् पत्रही तुमचंच. आमच्या नशिबाले तुमी एकट्याच पुरल्या.’

मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘माफी काय कराची हाये? माफीनं पोट्टे गाडीत बसतात का? म्हणाचं असंल तं गावाले म्हणा.’

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी मान खाली घातली ती तेव्हा, त्या पाटावर, आणि चहा न घेता निघाले.

गावाला सांगायचं म्हणजे मला एकच रस्ता माहीत होता. पेपर. बातमीदाराचं लाखनीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, बातमी चुकली होती असं छापा. तो सभ्य मुलगा आहे, मला त्यानं खुर्ची दिली.

‘बाई, छापलेली बातमी कशी मागं घेऊ? आमी दारू पिला असं कुठं लिवलं? समजते असं लिवलं.’

‘कोणाला समजलं?’

‘लोकायले.’ मग तो जरा पुढे वाकला. ‘तुमी असं करा, पत्र पाठवा. पण दगड तुमचा होता असं लिहू नका, उगीच पोलिसाची भानगड. अज्ञात दगड लिहा.’

मला हसावं की त्याचं टेबल उलटं करावं कळेना. माणसं झाली, गाड्या झाल्या, आता दगडही अज्ञात. मी म्हटलं, ‘बाबू, त्या दगडावर माझ्या सासूनं तीस वर्षं पीठ दळलं. तो अज्ञात कसा?’

घरी आले आणि नाव, गाव, सगळं घालून पत्र लिहिलं. ‘माझ्या हातून चूक झाली’ या शब्दांनी सुरू केलं. रोज एसटीची वाट बघितली. नऊ दिवसांनी पत्र छापून आलं, चार ओळींचं. ‘रस्त्यावर धान वाळत घालणाऱ्या शेतकऱ्यांनी वाहनधारकांच्या सुरक्षेची काळजी घ्यावी.’ खाली, एक जागरूक वाचक.

त्या दिवशी मी इतकी रडले की नवरा घाबरला. इतकी वर्षं जे नाव मी पांघरून बसले होते, ते आता माझ्या अंगावरून निघत नव्हतं. मी मोठ्यानं ओरडून सांगत होते की हे मी केलं, आणि तरी खाली कोणी तरी दुसरंच सही करत होतं. मी उठले, तोंड धुतलं, नातीच्या दप्तरातून खडू घेतला आणि चौकात गेले.

ग्रामपंचायतीसमोर काळा फलक आहे. त्यावर रोज सुविचार लिहिलेला असतो आणि त्याखाली पाणीपट्टी भरायची सूचना. सुविचार मी पुसला, सूचना राहू दिली. आणि लिहिलं की व्हॅनवाला दारू प्यायला नव्हता. त्याची गाडी माझ्या धानाच्या दगडावर चढली. संध्याकाळी दगड उचलला नाही ही माझी चूक. त्याच्याबद्दल पेपरातलं पत्रही मीच लिहिलं, तीही माझीच चूक. खाली माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. फलक भरला म्हणून आडनाव चौकटीवर गेलं.

अर्ध्या तासात चौक गोळा झाला. व्हॅनवाल्याचं कोणी बोललंच नाही. सगळे दगडाचं बोलत होते. ‘काकू, पोलीस आले तं रस्त्यावर धान टाकू देणार नाहीत, मंग तुमच्या आंगणात वाळवाचं का?’ ‘एवढं सत्य बोलाचं होतं तं घरात बोलाचं.’ एक म्हातारा म्हणाला, ‘बाईच्या जातीनं चौकात लिवू नाही.’ मी म्हटलं, ‘आजवर पेपरात लिहीत होते तेव्हा तुम्हीच वाचून माना डोलवत होता.’ संध्याकाळी कोणी तरी ओल्या फडक्यानं फलक पुसला. कोणी ते मला माहीत आहे, पण ते त्यानं सांगावं.

दुसऱ्या दिवशी मी परत लिहिलं. परत पुसलं. तिसऱ्या दिवशी खडू संपला होता. मी घरातला चुन्याचा खडा घेऊन निघाले तर नवरा मागून आला आणि माझ्या हातात खडूचं अख्खं खोकं ठेवलं. ‘चुन्यानं अक्षर नीट येत नाही,’ एवढंच म्हणाला आणि माझ्यासोबत चौकापर्यंत चालत आला. मी लिहीपर्यंत तो फलकाला पाठ लावून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवशी फलक कोणी पुसला नाही.

पोलीस आले नाहीत. आले असते तर मी त्यांना घरी बसवून सगळं सांगितलं असतं. मी माझे दगड उचलून आंगणात आणले, आणि व्हायचं तेच झालं. दुसऱ्या सकाळी माझ्या जागेवर दुसऱ्या घरचं धान होतं. आमचं उरलेलं धान आंगणात आणि स्लॅबवर कसंबसं वाळलं, केंद्रावरून एकदा परत आलं. त्याचं मला काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. फार वाटलं.

व्हॅनवाल्याचा हात पट्ट्यातून सुटून गाडी चालवण्याजोगा झाला तोवर उन्हाळी धानाचीही कापणी झाली होती आणि रस्त्यावर पुन्हा धान आलं होतं. सुटीआधीचे शाळेचे शेवटचे दिवस होते. एका सकाळी त्याच्या व्हॅनचा हॉर्न आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाजला. मला तो लगेच ओळखू आला. मी नातीला घेऊन बाहेर आले. व्हॅन रिकामी होती. बाकीच्या दारांतून बायका बघत होत्या, बाहेर कोणी येत नव्हतं. फलक सगळ्यांनी वाचला होता, पण वाचणं निराळं आणि लेकरू गाडीत बसवणं निराळं.

मी व्हॅनचा दरवाजा उघडायला गेले तर त्यानं आतून हात आडवा धरला.

‘काकू, दगडं उचलले का?’

‘माझे उचलले. या खेपेला मांडलेच नाहीत.’

‘अन् बाकीचे?’

‘बाकीच्यांचे ज्याचे त्यानं...’ एवढं म्हटलं आणि पुढचं तोंडातून निघेना. ज्याची चूक त्यानं उभं राहावं. आयुष्यभर हेच तर लिहिलं होतं.

‘तुमचा दगड होता म्हणून तुमी सांगितलं. पण मी गाडीत सगळ्यायचेच पोट्टे बसवतो, काकू. माह्यावाले अन् तुमचेवाले पाहात नाही.’ एवढं बोलून त्यानं हात काढला. नात चढली. एका मुलीला घेऊन तो लाखनीला गेला.

त्या संध्याकाळी बायका धानावर ताडपत्र्या टाकून घरी गेल्या तसं मी घमेलं घेतलं आणि रस्त्याच्या त्या टोकापासून सुरुवात केली. एकेक दगड उचलायचा आणि ज्याच्या धानाचा असेल त्याच्या दाराशी नेऊन रचायचा. बाबांचा नियम असा नव्हता. दुसऱ्याच्या हातून तुटलेला धागा आम्ही कधी सांधला नाही. पण बाबांच्या मागावरून चौदा लेकरं रोज ये-जा करत नव्हती. चौथ्या घरी नवरा येऊन घमेल्याच्या दुसऱ्या कडीला लागला. पाचव्या घरी कोणी तरी ओरडलं, आमची जागा गेली तर तुमच्या उरावर येईन. या, म्हटलं, चहा घ्यायला या. दुसऱ्या दिवशी लोकांनी दगड परत मांडले, संध्याकाळी मी परत उचलले. तेव्हापासून दर हंगामात हेच चालू आहे. आता दोन घरं स्वतःहून उचलतात. बाकीची शिव्या देतात आणि माझी कंबर दुखते.

त्या पहिल्या आठवड्यातच पुलियाजवळच्या घरातली नवी सून अंधारात बॅटरी घेऊन धावत आली. तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. बॅटरीचा उजेड तिनं सरळ माझ्या तोंडावर धरला आणि ओरडली, ‘कोण हाये? कोण आमचे दगडं नेऊन राहिली?’

मी घमेलं खाली ठेवलं आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं.